माझ्या तळावरची बारीक ओळ

मित्रांनो, झाकणाला तडा गेलेला आणि कडांना पिवळट पडलेला मी एक जुना प्लास्टिकचा डबा आहे. माझ्यात कधी काळी चार ब्लूबेरी मफिन होते. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली, पण त्यांचं ओझं काही माझ्यावरून उतरलं नाही. हल्ली माझ्यात कार्डं ठेवतात. दर रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मला टेबलाच्या टोकाशी मांडतात आणि येणारीजाणारी माणसं मला मोठा कामाचा डबा म्हणतात. ते ऐकून मला आणखीच अवघडल्यासारखं होतं. कारण मला उचलून उलटं केलंत तर तळाला एक चिठ्ठी दिसेल, आणि त्या चिठ्ठीपायी नऊ वर्षांची एक मुलगी चार दिवस खोटारडी ठरली होती.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिकचा पातळ पत्रा साच्यावर दाबला आणि मी झालो. चार खळग्यांत चार मफिन बसले, एकेक चांगला मुठीएवढा, वरून तपकिरी आणि मध्येमध्ये निळा. मला त्यांचा फार अभिमान वाटला. माझ्या झाकणावर लाल कोठार, हिरवं कुरण आणि टोपलीभर ब्लूबेरी असं चित्र चिकटवलं, आणि तळाला ही पांढरी चिठ्ठी. चित्र एवढं मोठं आणि चिठ्ठी एवढीशी का, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

ती चिठ्ठी माझ्याआधी कंपनीच्या कचेरीत राहून आली होती. तिथलं बोलणं तिनं मला सांगितलं.

"अख्ख्या मफिनच्या चारशे वीस कॅलरी होतायत, साहेब," एक बाई म्हणाली होती.

"मग अख्ख्याच्या लिहितेस कशाला? अर्ध्याच्या लिही. दोनशे दहा. नियमात बसतं ना?"

"बसतं. पण अर्धा मफिन खातं कोण?"

"ते बघायला आपण कुणाच्या घरी जाणार आहोत का?"

त्या काळी तसं चालत असे. तेव्हा माझ्या तळावर छापलं गेलं ते सगळं अर्ध्या मफिनचं. कर्बोदकं तीस ग्रॅम, त्यातली साखर अठरा, चरबी दहा. आकडे ठळक होते. सगळ्यात वरची ओळ मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती: एका वेळचं माप, अर्धा मफिन. आणि घटकांची यादी, जो जास्त तो आधी, वाचाल तर साखर पहिली, मैदा दुसरा, तेल तिसरं. ब्लूबेरीचा नंबर आठवा, मिठाच्या जेमतेम एक पायरी वर. जे निळे ठिपके बघून मी मिरवत होतो त्यांतले बरेचसे साखर, तेल आणि रंग यांच्या गोळ्या होत्या. मी त्याला फळ म्हणत होतो. लाज वाटायला मला पुढे वेळ मिळायचा होता.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या फळीवर मी बसलो. मे महिन्यातल्या एका शनिवारी एक सडसडीत म्हातारी माझ्यासमोर आली. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मला उचलून टोपलीत पावाखाली सरकवलं. मला वाटलं, ही चोरी करते आहे. पण तिनं पैसे दिले. मग चाळीस मैल गाडी हाकत ती आपल्या गावी गेली. मफिन तर गावातल्या दुकानातही होते. मग एवढ्या लांब ही का आली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिचं नाव लॉर्ना फिलब्रुक. त्या गावात चारी बाजूंना ब्लूबेरीचे माळ आहेत, आणि तिथल्या रानटी ब्लूबेरीचे लॉर्नाचे मफिन म्हणजे सगळ्या पंचक्रोशीत नाव. जत्रेतली पहिल्या बक्षिसाची निळी फीत तिनं सहा वेळा जिंकली होती. तिचा नवरा वेंडल ऑगस्टमध्ये माळावर फळं खुडायचा, ती पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायची, आणि वर्षभर दर रविवारी चर्चच्या टेबलावर तिची ताटली असायची. त्याआधीच्या सप्टेंबरात वेंडल गेला. हिवाळाभर लॉर्नानं त्याच्या पिशव्या एकेक करून वापरल्या. आता शेवटची उरली होती आणि ती उघडायला तिचा हात होत नव्हता. रिकाम्या हातानं जावं, तर बायका डोळे पुसायला दारात येतील. दुकानाचं न्यावं, तर "लॉर्नाचं आता काही खरं नाही" असं गावभर होईल. या दोहोंतून तिनं ही पळवाट काढली.

रविवारी सकाळी चर्चच्या मागे गाडीत बसून तिनं माझे चारही मफिन काढले, आपल्या निळ्या ताटलीत मांडले आणि वर स्वतः विणलेलं फडकं टाकलं. मला तिनं वेताच्या टोपलीच्या तळाशी दडपलं. टोपली टेबलाखाली गेली. मला फारसं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"लॉर्ना, अगं या ब्लूबेऱ्या कुठल्या?" मर्लचा आवाज आला. मर्ल गावाचा कचराडेपो सांभाळायचा आणि बाकीच्या वेळात गावाच्या चौकशा. "एवढ्या टपोऱ्या? आपल्या माळावर वाटाण्याएवढी मिळायची मारामार."

"खायचं तर खा, मर्ल. मापं कसली काढतोस?"

सगळे हसले. मग एक तरुण, दमलेला आवाज आला. ती रेनी, शाळेची बस चालवणारी. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, ब्रिनला, आठ महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला होता, लहान मुलांना होतो तो. ब्रिन जे काही खाईल त्यातली कर्बोदकं मोजायची आणि तेवढ्या इन्सुलिनची सुई द्यायची, असं रेनीचं आयुष्य झालं होतं. तिच्या वहीत कुठल्या पदार्थाचे किती ग्रॅम ते लिहिलेलं असे. त्यात एक ओळ होती: लॉर्नाचा मफिन, पंचवीस. हिवाळ्यात लॉर्नानं स्वतः तिला मैदा, साखर मोजून दाखवली होती.

"लॉर्ना, हे तुमचेच ना? नेहमीचे?"

बाई, नाही म्हण, असं मी टोपलीत मनातल्या मनात म्हणालो. तू नुसती नाही म्हण, मग मी बघतो पुढचं.

"नेहमीचेच," लॉर्ना म्हणाली.

"जरा मोठे दिसतायत."

"साचा नवीन आहे."

"मग पंचवीसच्या जागी तीस धरू?"

"धर तीस."

तेवढंच बोलणं झालं. रेनीनं सुई दिली आणि ब्रिननं मफिन खाल्ला, पार कागदाला चिकटलेले कणसुद्धा. "मिसेस फिलब्रुक, आज फार गोड झालेत," ती म्हणाली.

त्या दिवशी हॉलची उन्हाळ्याआधीची साफसफाई होती, म्हणून प्रार्थनेनंतर बरीच मंडळी मागे थांबली. दोन तास झाले असतील. ब्रिन आईजवळ आली आणि टेबलाशेजारीच मटकन खाली बसली.

"आई, पोटात कसंतरी होतंय. पाणी दे ना. अजून दे."

रेनीनं तिच्या बोटाला टोचून यंत्रात थेंब घातला.

"तीनशे अठरा! ब्रिन, खरं सांग. अजून काय खाल्लंस?"

"काही नाही."

"ईस्टरलाही तू काही नाहीच म्हणाली होतीस. उशीखाली चॉकलेटची सहा अंडी निघाली!"

"तेव्हा खाल्ली होती. आज नाही खाल्लं. देवाशपथ."

"चर्चमध्ये देवाशपथ घेऊन खोटं बोलतेस? तो मफिन मी स्वतः मोजून दिलाय तुला. लॉर्नाचा मफिन आहे तो, दुकानातला नाही काही. मग साखर चढली कुठून?"

मित्रांनो, मी टेबलाखाली टोपलीत दडपलेला होतो आणि उत्तर माझ्या तळावर छापलेलं होतं. रेनी आपली काही दुष्ट नव्हती. ती घाबरली होती. पण घाबरलेल्या माणसाचा आवाज रागासारखाच येतो आणि लेकराला तो रागच वाटतो.

"कॅम्पचं काय ठरलं होतं आपलं?" ती म्हणाली. "लपवून खाणार नाहीस, तर जुलैत तळ्यावर आठवडाभर एकटीला पाठवीन. ठरलं होतं ना? मग आता विसर तो कॅम्प. माझ्या नजरेआड तुला सोडायची माझी हिंमत नाही."

ब्रिन रडलीसुद्धा नाही. "मी नाही खाल्लं," एवढंच ती पुन्हा म्हणाली, आणि मग तेही म्हणायचं तिनं सोडून दिलं. लॉर्ना खिडक्या पुसत होती. तिचं फडकं एकाच काचेवर कुईकुई करत फिरत राहिलं. तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही, पण मला तोंड नव्हतं आणि तिला होतं. अर्थात तिला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, ते पुढे कळेलच.

घरी आल्यावर लॉर्नानं मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मला टाकायचं कुठं, हा तिला प्रश्न पडला. त्या गावात कचऱ्याची गाडी येत नाही. शनिवारी जो तो आपला कचरा घेऊन डेपोवर जातो. तिथं मर्ल प्रत्येकाचं प्लास्टिक, काच, पत्रा हातानं वेगळा करतो आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यावरून ओळखतो. मला बघितलं की त्याला टपोऱ्या ब्लूबेऱ्यांचं कोडं सुटलंच असतं. सोमवारी तिनं लाकूड जाळायच्या लोखंडी शेगडीचं झाकण उघडून मला आत घालायला धरलंही. मला बरं वाटलं, खरंच सांगतो. पण तिचा हात थांबला. तिनं मला परत ओट्यावर ठेवलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

बुधवारी मर्लच दारात आला. ओढ्याकाठी भाजीसाठी खुडलेल्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांची पिशवी त्यानं आणली होती. लॉर्नानं घाईघाईनं माझ्यावर टॉवेल टाकला.

"रेनीनं कॅम्पला फोन करून पोरीचं नाव काढून टाकलं म्हणे," तो म्हणाला. "बसमध्ये बिचारी तोंड शिवल्यासारखी बसते. पण काय गं लॉर्ना, एवढीशी पोर, आणि देवाशपथ घेऊन खोटं बोलते! आपल्या वेळी असं होतं का?"

"मर्ल, तू जा आता."

"अगं, मी काय म्हणालो?"

"काही नाही म्हणालास. जा."

तो गेल्यावर कोंब ठेवायला लॉर्नानं फ्रीजर उघडला. ती तिथंच उभी राहिली. मग तिनं एक पिशवी बाहेर काढली, माझ्यावरचा टॉवेल सारला आणि ती माझ्या शेजारी ठेवली. तीच ती शेवटची. पिशवीवर वेंडलच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "१९ ऑगस्ट. चार कप. घाईत भरल्या, पानं आणि काही कच्ची राहिलीत. निवडून घे."

मित्रांनो, मी ती चिठ्ठी वाचली आणि मला माझ्या चिठ्ठीची पहिल्यांदा शिसारी आली. त्या माणसाला काही विकायचं नव्हतं, म्हणून असेल. पण आत काय आहे आणि काय उणं आहे, दोन्ही त्यानं सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

लॉर्नानं पिशवी परत आत ठेवली, डोळे पुसले, मला काखेत मारलं आणि रेनीच्या घरी जायला गाडी काढली.

रेनी नुकतीच बस लावून आली होती. ब्रिन टेबलाशी अभ्यास करत होती. लॉर्नानं मला दोघींच्या मधोमध ठेवलं.

"रविवारचे मफिन यातले होते," ती म्हणाली. "माझे नव्हते. मी नेहमीचेच म्हणाले, ते खोटं होतं. साचाही नवीन नाही. खोटं ही पोर नाही बोलली, मी बोलले."

रेनी बघत राहिली. "तुम्ही? लॉर्ना, तुम्ही?"

"वेंडलची शेवटची पिशवी माझ्याच्यानं उघडेना. हे कारण झालं, रेनी. माफी नाही."

रेनीनं घाईनं मला उलटं केलं. तिचं बोट चिठ्ठीवरून सरसर खाली आलं आणि ठळक आकड्यावर थांबलं.

"कर्बोदकं तीस," ती सावकाश म्हणाली. "तीस ग्रॅम. लॉर्ना, मी तीसच धरले होते. सुई तिसाचीच दिली होती." तिनं मला खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या खोट्यानं काहीच बिघडलं नाही. साखर त्यानं चढली नाही."

आणि तिनं ब्रिनकडे पाहिलं. आता त्या नजरेत राग नव्हता, नुसती निराशा होती, आणि ती रागाहून वाईट होती.

लॉर्नाचा चेहरा मी पाहिला. चार दिवसांनी त्यावर सुटल्याचा भाव आला होता. क्षणभरच, पण आला होता. आपल्या हातून लेकराचं काही झालं नाही, हे ऐकायला कुणाला नको असतं? ती पर्स उचलून उठलीसुद्धा. मी मात्र तिथं पालथा पडून होतो. ती म्हातारी आपली अब्रू पणाला लावून खरं सांगायला आली होती, तिनं मला साक्षीला आणलं होतं, आणि माझी साक्ष त्या पोरीच्या विरुद्ध गेली होती. शेगडीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

"आई, मला बघू," ब्रिन म्हणाली.

"बघण्यासारखं काय राहिलंय त्यात?"

"दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्यात, आकडा नंतर. आधी पहिली ओळ." तिनं मला नाकाजवळ धरलं. तिचं बोट त्या मुंगीच्या पायांवरून एकेक अक्षर करत सरकलं. "एका वेळचं माप..." ती थांबली. "अर्धा मफिन."

"काय?"

"अर्धा, आई. हे अर्ध्याचं लिहिलंय. तीस आणि तीस साठ. मी अख्खा खाल्ला होता."

रेनीनं मला हिसकावून घेतलं. तिनं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "अर्धा?" ती ओरडली. "मफिन अर्धा खातं कोण?" पंधरा वर्षं मी हाच प्रश्न स्वतःला विचारतो आहे. मग मला टाकून तिनं लेकीला जवळ ओढलं. झाकणाचा तडा तेव्हाचा. ब्रिन आता रडली, चार दिवसांचं एकदम रडली.

"मी म्हणत होते ना," ती हुंदके देत म्हणत होती. "मी म्हणत होते."

"हो गं. म्हणत होतीस. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

लॉर्ना परत खुर्चीवर बसली होती. "तीस धर, मीच म्हणाले," ती पुटपुटली. "घरचा असता तर तीस बरोबर होते."

रेनीनं कॅम्पला तेव्हाच फोन लावला. जागा भरली होती. दोन दिवस तिनं फोनवर मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे एक पलंग मिळाला. पुढच्या रविवारी लॉर्ना प्रार्थनेनंतर उभी राहिली आणि मला हातात धरून तिनं सगळं गावासमोर सांगितलं. मर्लनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्यासाठी ते फार होतं.

कॅम्पला निघायच्या आदल्या दिवशी ब्रिन लॉर्नाकडे आली. लॉर्नानं वेंडलची पिशवी उघडली. दोघींनी पानं आणि कच्ची फळं निवडली, मैदा आणि साखर वजनकाट्यावर तोलली, बारा मफिन केले आणि एकूण कर्बोदकांना बारानं भागलं. ब्रिननं एका कार्डावर लिहिलं: "अख्खा मफिन, सव्वीस ग्रॅम. एखादं पान राहिलं असेल." ते कार्ड तिनं माझ्यात ठेवलं. तेव्हापासून चर्चच्या टेबलावर जे येतं त्याचं कार्ड लिहायची पद्धत पडली. दुकानाचं असेल तर दुकानाचं म्हणून लिहितात, आणि आता त्यावर कुणी नाक मुरडत नाही. आता लॉर्ना नाही. ब्रिन मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली आहे. मी आहे.

एकदा हॉलमध्ये कुणीतरी माझ्या तळावरची चिठ्ठी गरम पाण्यानं काढायला निघालं होतं. ब्रिननंच त्यांना थांबवलं. "राहू दे ती," ती म्हणाली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

मित्रांनो, मफिन खुशाल खा, घरचा खा, दुकानाचा खा. फक्त माझ्यासारखा डबा हातात आला तर झाकणावरच्या टोपलीवर जाऊ नका. त्याला उलटा करा आणि आधी ती पहिली ओळ वाचा, डोळे ताणून वाचा. आणि एखादं लेकरू "मी नाही खाल्लं" म्हणालं, तर आमच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी एकदा त्याच्यावर ठेवून बघा. लॉर्ना खोटं बोलली होती आणि तिनं ते चौथ्या दिवशी कबूल केलं. माझ्यावर तर एक अक्षरही खोटं छापलेलं नव्हतं. म्हणूनच मला कबूल करायला पंधरा वर्षं लागली.